कातरण

प्रिय कहकशाँ,

फोनवर तू मला आभार मानूच देत नाहीस. मी जरा सूर लावला की तुझं सुरू: अगं दूध उतू जातंय, मुलं भांडतायत, नंतर बोलू. तुझ्या सासरी व्याऱ्याला एवढं दूध येतं तरी कुठून, देव जाणे. म्हणून या वेळी मी सरळ कागद घेतला. कागदाला मध्येच कापता येत नाही. मुलं शाळेत गेली की दार लावून बस आणि शेवटपर्यंत वाच. गेल्या महिन्यात इथे जे घडलं ते तुला कुणी नीट सांगितलेलं नाही, आणि त्यात सगळ्यात मोठा हात तुझा आहे.

आशाताईची यामिनी तुला आठवत असेलच. आशाताई म्हणजे माझी चुलतबहीण, विसरवाडीच्या फाट्यावर जिचं चहा-भज्यांचं दुकान आहे ती. तू लग्न होऊन नवापूर सोडलंस तेव्हा यामिनी बालवाडीत होती. आपल्या कॉम्प्युटरच्या ऑफिसात यायची आणि की-बोर्डवर दोन्ही हात आपटत ‘मी पण काम करते’ म्हणायची. तिला सिकलसेल आहे. तिला रक्त मिळवायला केलेल्या पहिल्या धावपळीनंतरच तर आपण रक्तमित्र मंडळासाठी ते सॉफ्टवेअर बनवलं: कोणत्या गावात कोणाचा कोणता रक्तगट, बोलावल्यावर कोण येतं, कोणाचा नंबर बदलला, हे एका जागी सापडावं म्हणून. पुढचं मात्र तुला माहीत नाही. पुन्हा पुन्हा रक्त घेऊन पोरीच्या अंगात आता असं काही तयार झालंय की गट जुळला तरी प्रत्येकाचं रक्त तिला चालत नाही. डॉक्टर एकेक पिशवी तपासतात आणि बाजूला ठेवतात. जिल्ह्यात तिला चालणारी अगदी मोजकी माणसं सापडली होती. त्यांच्या नोंदीत मी ‘यामिनीला चालतं’ असं लिहायची सोय केली, आणि आशाताईला सांगितलं, आता झोप निवांत.

ते सॉफ्टवेअर आपण कसं बनवलं होतं आठवतं? कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी तू कोऱ्या कागदांवर स्क्रीन काढल्या होत्यास. त्या घेऊन आपण तुझ्या घरी जायचो आणि बिबीजानचाचीसमोर मांडायचो. चाची तांदूळ निवडता निवडता कागदावर बोट टेकवायची आणि तू पुढचा कागद सरकवायचीस, जणू तूच कॉम्प्युटर. एकदा ‘पुढे ढकला’ असं लिहिलेल्या बटणावर बोट ठेवायचं सोडून चाचीने अख्खा कागदच पुढे ढकलला. मी हसून लोळले. तू मात्र परीक्षेला बसल्यासारखं तोंड करून म्हणालीस, अम्मीचं बरोबर आहे, आपला शब्द चुकलाय. आणि खोडून दुसरा लिहिलास. तेव्हा मला वाटायचं, ही बाई कामात उगाच वेळ काढते. शिवाय प्रत्येक मथळा हिरवाच पाहिजे हा तुझा हट्ट होताच. तो मी अजून माफ केलेला नाही.

तू गेल्यावर मी एकटीच सगळं बघायला लागले. दुकानांच्या वेबसाइट, शाळांचे निकाल, पतपेढीची कामं, आणि मंडळाचं हे घरचं काम. मागच्या पावसाळ्यात मंडळाने ठरवलं की बटणांवरचं इंग्रजी काढून सगळं मराठीत आणायचं. इमॅन्युएल सर मराठीचे निवृत्त शिक्षक, मंडळाचे जुने सभासद. शब्द त्यांनी सुचवले. ‘डिलीट’साठी मी ‘काढून टाका’ लिहिलं होतं, पण लहान मोबाइलच्या बटणात ते मावेना. सर म्हणाले, ‘मिटवा’ लिही, सुटसुटीत आहे. शब्द छान होता. मी लिहून टाकला. कागद घेऊन चाचीकडे जायची पद्धत तुझ्याबरोबरच व्याऱ्याला गेली होती.

मग गेल्या महिन्यात, मिरचीचा हंगाम ऐन भरात असताना, दुपारच्या वेळी आशाताईचा फोन आला. यामिनीला नंदुरबारला दवाखान्यात ठेवलंय, रक्त फार उतरलंय, उद्या संध्याकाळपर्यंत दोन पिशव्या पाहिजेत आणि त्या तिला चालणाऱ्याच पाहिजेत. ताई रडत नव्हती. अगदी कोरड्या आवाजात ती मला म्हणाली, ग्रेसी, तुझ्या कॉम्प्युटरात आहेत ना गं ती माणसं? मी म्हटलं, आहेत, आत्ता काढते. आणि शोधलं तर एकही नाव नाही. गावाने शोधलं, गटाने शोधलं, काहीच नाही. ज्यांना आपण कधी बोलावलं नव्हतं अशा शेकडो लोकांच्या नोंदी जागच्या जागी होत्या. गेली होती ती नेमकी गरजेची माणसं.

मंडळाचा मोबाइल भिलाकडे असतो. तू त्याला पाहिलेलं नाहीस. कोरीटचा आहे, नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर मुकादम आहे. पथारी म्हणजे मिरच्या वाळत घालायचं ते मोठं मैदान, तिथे तिखटाने डोळे चुरचुरत असताना हा माणूस मधल्या सुट्टीत लोकांना फोन लावतो, कोण कामाला गुजरातेत गेलं, कोणी सिम बदललं ते विचारून नवे नंबर भरतो. रक्तपेढीकडे पिशव्यांची नोंद होती, पण माणसांचे आजचे नंबर फक्त भिलाने भरलेले. मी त्याला विचारलं, भिलाभाऊ, नोंद बघून झाली की तुम्ही काय करता? तो निरागसपणे म्हणाला, “मिटवा दाबस ना ताई. साळामा गुरुजी काय सांगेत? धडा सरना, पुस्तकं मिटवा. मी बी वाचीसन मिटाई दिधं.” आणि ‘नक्की मिटवायचं?’ असं मोबाइल विचारतो तेव्हा? तेव्हा तो ‘हो’ म्हणतो. त्याला वाटायचं, चांगल्या वळणाचं यंत्र आहे, विचारून बंद होतं.

कहकशाँ, मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काय चूक होती त्याची? घरात अहिराणी बोलणारा माणूस. हा शब्द त्याला शाळेने दिला, आणि शाळेत तो पुस्तकालाच लावत होते. आम्हीसुद्धा छत्री मिटवतो, भांडण मिटवतो. त्यातलं काय पुसून जातं? जी नोंद उघडली जाणार, तीच नाहीशी होणार. आणि नंबर ताजे ठेवायला तो यामिनीची माणसं सगळ्यात आधी उघडत होता.

मग मी ते उघडलं जे तू गेल्यापासून कधी उघडलं नव्हतं: तू लिहिलेला आतला सगळा कोड. खरं सांगते, नाइलाजाने उघडलं, काही सापडेल अशी आशा नव्हती. बटणांवरचे शब्द मी बदलत आले, रंग बदलले, पण त्या बटणाच्या मागे काय घडतं ते तुझंच होतं. नोंद पुसायची आज्ञा शोधत गेले आणि ती सापडेचना. तिथे नोंद उचलून दुसऱ्या एका कप्प्यात ठेवायची आज्ञा होती. त्या कप्प्याला तू नाव दिलं होतंस, कातरण. आणि त्याच्या वर, फक्त कोड वाचणाऱ्याला दिसेल अशी, इंग्रजी अक्षरांत एक ओळ: ‘फेकना मत. अब्बा देख रहे हैं.’

मी एकटीच खुर्चीत हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. तुझ्या अब्बांचं, शौकतचाचांचं शिवणाचं दुकान डोळ्यांपुढे उभं राहिलं. शिवून उरलेलं कापड, कातरण, ते कधी टाकायचे नाहीत, गिऱ्हाइकाचं नाव लिहून पुरचुंडी बांधायची आणि फळीवर ठेवायची, पुढची ईद येईपर्यंत. कोणाची बाही इस्त्रीने जळली, कोणाचा ब्लाऊज दंडात घट्ट झाला की त्याच कापडाचा तुकडा हजर. त्या पुरचुंड्यांमुळे उंदीर होतात म्हणून तू केवढी कटकट करायचीस! आणि कॉम्प्युटरवर बसलीस तेव्हा गुपचूप तेच केलंस. मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मीच म्हणाले असते, पुसलेलं कशाला ठेवायचं, जागा अडते.

कप्पा उघडला. सगळे होते, नाव, गाव, भिलाने भरलेले ताजे नंबर. पहिले दोन फोन बंद. तिसरा कळसाडीच्या दलसिंगचा. त्याची उसाची तोड चालू होती, मागे ट्रॅक्टरचा आवाज. मी यामिनीचं नाव घेतलं तर म्हणाला, ती ना, मागच्या वेळी मला अर्धा बिस्किटाचा पुडा देणारी? निघालो. आणि उसाच्या पाचोळ्याने भरलेल्या अंगावरच्या कपड्यांनिशी मोटरसायकलवर नंदुरबारला आला. दुसरी पिशवी मिळेना. उरलेल्या नंबरांपैकी जान्याचा फोन त्याच्या बायकोने उचलला. तो सोनगडला कारखान्यात कामाला होता. तिने निरोप दिला, पाळी सुटल्यावर तो बस बदलत बदलत दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. तोवर आशाताई दवाखान्याच्या पायरीवर बसून होती, मी तिच्या शेजारी. आतून नर्स आली आणि म्हणाली, जुळलं, दोन्ही जुळलं. ताईने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

यामिनी आता घरी आहे. पाचवीत आहे, अभ्यासात यथातथाच, पण बोलण्यात कोणाला ऐकत नाही. मी बटणं बदलली. वर ‘बंद करा’, आणि खाली वेगळ्या रंगात ‘यादीतून काढा’. ज्याला स्वतःलाच नाव नको असेल त्याचं मात्र आता खरोखर पुसलं जातं, त्याने सांगितल्यावर. तेवढं तुझ्या कातरणात मी सुधारून घेतलं, रागावू नकोस. आणि या वेळी कागदावर काढून आधी चाचीकडे गेले, मग भिलाकडे. चाचीने दोन शब्द नापास केले. इमॅन्युएल सरांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, जन्मभर मीच पोरांना पुस्तकं मिटवा म्हणत आलो आणि मलाच आठवलं नाही! शौकतचाचांना सांगायला गेले तेव्हा ते काज करत होते. कोड, कप्पा, त्यांना काही कळलं नाही. तू त्यांचं नाव लिहून ठेवलंस एवढं कळलं. सुई खाली ठेवून त्यांनी दोनदा विचारलं, “बच्ची ठीक है ना?” आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

माझ्या मनात तुझ्याबद्दल किती आहे ते मला नीट मांडता येत नाही. आपण एकत्र शिकलो, एका कॉम्प्युटरवर आळीपाळीने बसलो, आणि मला वाटत आलं की हुशार मी आणि चिकट तू. आता आशाताईच्या दुकानावरून जाताना यामिनी भज्यांच्या परातीमागून हात हलवते, तेव्हा दर वेळी तुझी आठवण येते. तू माझ्या घरातलं माणूस वाचवलंस, आणि तुला त्याची खबरही नव्हती.

आता खरं कारण सांगते. परवा तुझा मेसेज आला: व्याऱ्याला एका ऑफिसात कॉम्प्युटरची जागा निघाली आहे, इतकी वर्षं घरी काढल्यावर कोण घेणार, तरी अर्ज करून बघते, अनुभवाचा दाखला पाठव, दोन ओळी खरड, मी तिथे असं काय केलं होतं, दोन-चार फॉर्म तर बनवले. तो वाचून मला इतका राग आला की लगेच उत्तरच दिलं नाही. दाखला तयार केला, आपल्या ऑफिसच्या कागदावर, शिक्क्यासकट, या पाकिटात आहे. त्यात ‘कामाचे स्वरूप’ असा रकाना असतो. तिथे नेहमीची वाक्यं लिहिली आणि कागद फाडला. मग आशाताईला विचारून, तिच्या आग्रहाने, तिथे लिहिलंय: ‘यांनी केलेल्या रचनेमुळे हरवलेली माहिती परत मिळाली आणि यामिनी या मुलीला वेळेत रक्त मिळाले.’ खाली माझी सही, तिच्याखाली आशाताईची, आणि सगळ्यात खाली, कोणी न सांगता, यामिनीची, रकान्याच्या बाहेर गेलेली. असा दाखला त्या ऑफिसात चालतो की नाही मला माहीत नाही. चालत नसेल तर एक साधाही जोडला आहे, तो दे. पण मुलाखतीत ते विचारतील, तुम्ही आजवर काय बनवलंत, तेव्हा खाली मान घालून ‘काही विशेष नाही’ म्हणालीस, तर मी पहिल्या बसने तिथे येऊन सगळ्यांसमोर तुझ्याशी भांडेन.

तुझीच, तुझ्यावर रागावलेली,
ग्रेसी