सुपारी अजून अख्खी आहे

सापगाव, रविवार, संध्याकाळ

परवाच जर्मनच्या क्लासला बाई म्हणाल्या, जर्मन नाइन, फ्रेंच नाँ, इंग्रजी नो, नकाराचे हे सगळे शब्द एकाच जुन्या 'न'चे वंशज, आपला 'नाय' त्यांचा भाऊबंद. किती मजा वाटली होती!

आज मुरबाडच्या पाहुण्यांपुढे यातला एकही तोंडून फुटला नाही. काकांनी अडकित्त्यात सुपारी धरली. "पोरगी गप हाय, म्हंजे पसंत हाय." सुपारी फुटली की लग्न ठरलं, ही आमच्याकडची रीत. मी उठून सुपारीच काढून घेतली आणि खोलीला कडी लावली.

पाहुणे गेले. काका दार ठोकतायत, "सुपारी दे गो!" सुपारी मुठीतच आहे.

आत्ता बाहेरून आई म्हणाली, "नाय देनार ती."

काकांपुढे आईचा 'नाय' मी आज पहिल्यांदा ऐकला.