पाणी की पंखा

बारामती, सोमवार, एप्रिल १९९९

दोनदा साबण लावला, तरी हाताचा वास जात नाही.

माझ्या टायपिंग क्लाससाठी पहिला कॉम्प्युटर मीच सुटे भाग आणून जोडला. प्रोसेसर थंड ठेवायला मला साधा पंखा हवा होता. पण काटेवाडीहून सुनीलभाऊजी आले, माझे धाकटे दीर. म्हणाले, "वहिनी, पाण्यावानी थंड काय न्हाय. पंखा गरम हवाच फिरवतोय." त्यांनी बादली, कूलरची मोटर आणि नळ्या जोडून प्रोसेसरवरच्या तांब्याच्या डबीतून पाणी फिरवलं.

आठवडाभरातच, आज कॉम्प्युटर तापून बंद पडला. बादलीत हात घातला तर हिरवं, बुळबुळीत शेवाळ आणि मोटरीच्या तोंडाला चिकटलेली, फुगलेली मेलेली पाल. हातानंच ओढून काढली. शी. तो वास.

भाऊजींना बोलावलं. पाल बघूनही म्हणाले, "पाणी बदललं की झालं."

मला किळस पालीची, की माझी स्वतःची? भाऊजी बादली जोडत होते तेव्हा मी गप्प का बसले? बाईला यातलं काय कळतं, असं म्हणतील म्हणून?

"पंखा आणलाय, भाऊजी," मी म्हणाले, "आणि मीच बसवणार आहे."

बसवला. घरघर करतो, पण कॉम्प्युटर चार तास चालला. भाऊजी चहा न घेताच गेले. मी थांबवलं नाही.