शंकरपाळ्यांची नक्षी

कोल्हापूर,
खंडेनवमी, १९५३

चि. सौ. पद्मजास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझ्या घरीही तसंच असावं.

हे पत्र मी आपणहून लिहीत नाही. दादांनी लिहायला बसवलं म्हणून लिहिते. त्यांना आता दिसत नाही. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. "तू लिही, तुझं अक्षर ती ओळखेल," म्हणाले. मजकूर मात्र सांगितला नाही. काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाले, "बी.ए. कशाला केलं होतं तुला?"

तेव्हा जे आहे ते सरळ लिहिते. जोतीराम नावाचा मिस्त्री हे पत्र तुझ्या हातात देईल, तेव्हा आपली जुनी मोटार तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी असेल आणि मागच्या सीटवर आपले वडील बसलेले असतील. तू बाहेर आलीस तर ते उतरतील. नाही आलीस तर मी त्यांना आल्या वाटेने परत नेईन. 'मला एकच मुलगी आहे' असं तुझ्या लग्नानंतर चारचौघांत सांगणारे दादा ते हेच. त्यामुळे दार उघडायचं की नाही हे ठरवणं तुझ्याकडे आहे. मी त्यात पडणार नाही. फक्त टायरांची हकीकत तुला माहीत नसणार, ती वाच आणि मग ठरव.

तू विरूपाक्षरावांबरोबर गेलीस त्या दिवशी दादा मोटार घेऊन तुझ्या मागे निघाले होते. गडहिंग्लजच्या रस्त्याने कागलपर्यंत गेले आणि परतले. कशासाठी गेले, का परतले, हे कोणी विचारलं नाही. आपल्या घरात विचारायची रीत नाही. मोटार मागच्या पडवीत गेली, तिच्याखाली लाकडी ठोकळे आले, दाराला कुलूप लागलं आणि किल्ली दादांच्या जानव्याला बांधली गेली. पुढे त्यांनी पेशंट पाहायला पन्हाळ्याला, वडगावला जायचं ते भाड्याच्या टांग्याने नाहीतर सर्व्हिस मोटारीने.

यंदा श्रावणात जेवताना म्हणाले, "माई, मोटार रस्त्यावर आणायची."

मी म्हटलं, "कोणासाठी? तुम्हाला दिसत नाही, मला चालवता येत नाही."

"ताक वाढ," म्हणाले.

उद्यमनगरातून जोतीरामला बोलावलं. त्याचा आवाज असा की तो आपल्या अंगणात बोलला की समोरच्या घरातून उत्तर येतं. कुलूप काढल्यावर त्याने टायरांना बोट लावलं. "बाई, हे टायर न्हायत, वाळत टाकून इसरलेल्या भाकऱ्या हायत. आणि इंजिन तर कवाच धरून बसलं आसंल. इतकी वर्सं हाललं न्हाय म्हंजे लोखंडाला लोखंड चिकटतंय की. समदं खोलाय लागणार." असं म्हणत त्याने इंजिन फिरवायचं हँडल समोरून घातलं, पाय रोवले, सगळा जोर लावला आणि हँडल इतकं सहज फिरलं की तो बंपरवर आपटता आपटता राहिला.

"कोण फिरवत हुतं ह्याला?" त्याने विचारलं.

दादा ओट्यावर बसून नखं खरवडत होते. मी हँडल हातात घेतलं. त्याची मूठ एका बाजूने झिजून गुळगुळीत झाली होती, आपल्या उंबऱ्यासारखी. दरवर्षी खंडेनवमीला दादा आपली डॉक्टरकीची हत्यारं पूजेला त्या पडवीत नेत आणि दार लोटून घेत. एरवीही संध्याकाळी तिकडे जात. मला वाटायचं, जुन्या बाटल्या धुंडाळतात. वर्गात पाठमोरी उभी असले तरी खिडकीबाहेर बघणारी मुलगी मला कळते. आणि एका घरात राहून हे कळलं नाही. मी हँडल पुसलं आणि जागेवर ठेवलं. त्या दिवशी शाळेत मी कोणाला रागावले नाही. शिपायाने मला बरं नाही का म्हणून विचारलं.

इंजिनाचं भागलं. खरा घोळ टायरांचा. तसले उंच, अरुंद टायर आता कोल्हापुरात कोणी ठेवत नाही. जोतीराम म्हणाला, "मिल्ट्रीतल्या जीपची चाकं बसवतो. हरणागत पळंल गाडी." मला पटलं. चार दिवसांत तो ती चाकं घेऊन आला. दादांनी खाली बसून रबरावरून हात फिरवला.

"हे नको."

"का वो डागदरसाब? मजबूत हाय की."

"नऊवारीखाली लष्करी बूट घालतोस होय रे?"

मग मी मुंबईच्या व्यापाऱ्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं की एक कारखाना जुन्या मोटारींसाठी जुन्या साच्यातले टायर अजून काढतो, पण नक्षी कोणती हवी ते कळवा. आता नक्षी कोणती हे कसं कळवायचं? आपल्या जुन्या टायरांवरची नक्षी कागलच्या रस्त्याने खाऊन टाकलेली. वर उरलेलं रबर भेगाळून गेलेलं. मी कळवलं, नमुने पाठवा. रेल्वे पार्सलने तीन आले. मापाला तिन्ही बरोबर. मी म्हटलं, यातला कुठलाही चालेल, रस्त्याला नक्षी दिसत नाही. दादांनी तिन्ही मांडीवर घेऊन चाचपले. एक दूर सारला, दुसरा दूर सारला. तिसऱ्यावर बोटं थांबली, पुढे गेली, परत आली.

"डागदरसाब," जोतीराम म्हणाला, "टायर रस्त्यावर पळायसाटी आसतोय. तुमी तर लुगडं निवडाय बसल्यागत बसलाय."

"हा चाकावर चढव," दादा म्हणाले, "आणि विहिरीजवळ ओल्या मातीतून फिरवून दाखव."

"फिरतोय की. गोलच हाय."

"फिरव म्हटलं ना."

जोतीरामने माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून मीही मान हलवली. त्याने एकटं चाक हाताने ढकलत विहिरीपासून फाटकापर्यंत नेलं. दादा काठी टेकत त्याच्या मागे गेले. मग काठी टाकली, गुडघ्यांवर बसले, धोतर चिखलात, आणि दोन्ही हातांच्या बोटांनी ती उमटलेली वाट चाचपत पुढे सरकू लागले. मधल्या दोन रेघा. रेघांच्या दोन्ही अंगांना तिरपे चौकोन, एकाला एक लागून.

तेव्हा मला दिसलं, पद्मा. रोज डोळ्यांसमोर होतं आणि तेव्हा दिसलं. तू परकर सावरत फाटकाशी उकिडवी बसायचीस, धुळीतलं चाकाचं चिन्ह बघून ओरडत आत यायचीस, "दादा आले, शंकरपाळे पडलेत!" दवाखान्याच्या दाराने दादा गुपचूप आत आले तरी तुला आधी पत्ता लागायचा. आई म्हणायची, या मुलीला माणसापेक्षा त्याचा माग आधी कळतो.

दादा फाटकापर्यंत तसेच गेले. तिथे थांबले आणि म्हणाले, "पदीला कळेल."

इतक्या वर्षांत तुझं नाव त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. देवीच्या पायांवर मावळतीचं ऊन आलं की अंबाबाईच्या देवळातली गर्दी जशी न सांगता गप्प होते, तशी मी उभी होते. ते पडवीत एकट्याने हँडल फिरवत राहिले आणि चिखलात त्यांनी बोटांनी तुझं बालपण वाचलं. त्यांना मी हट्टी समजत होते. माणसाच्या आत इतकं साठून राहतं आणि वरून नुसतं ताक मागितलं जातं. मी शिकवलेल्या कुठल्याच पुस्तकात मला हे भेटलं नाही.

जोतीराम जीपची चाकं गोळा करत होता. जाताना हळू आवाजात, म्हणजे त्याच्या मानाने हळू, म्हणाला, "बाई, पदी कोण?"

"माझी धाकटी बहीण," मी सांगितलं. हे वाक्यही फार दिवसांनी बोलले.

आज मोटारीची पूजा झाली. चाकांना हळदकुंकू, झेंडू. उद्या सीमोल्लंघन, दादांनी दिवस मुद्दाम तोच धरला. कागलला थांबायचं नाही, असं जोतीरामला दोनदा बजावलं आहे. त्यांचा हुकूम असा की आधी मोटार तुझ्या दारावरून एकदा न्यायची, मग मागे येऊन गल्लीच्या तोंडाशी उभी करायची आणि मगच पत्र द्यायचं. जोतीराम म्हणाला, "डागदरसाब, दारात जाऊन परत फिरायचं ह्ये कुठलं?" दादा म्हणाले, "तिला आधी खाली बघू दे."

तेव्हा पत्र खाली ठेवून उंबऱ्याबाहेर बघ. रस्ता कोरडा असला तर धुळीत, ओला असला तर चिखलात दिसेल.

रस्ता मीच दाखवणार आहे. गडहिंग्लजच्या शाळेत परीक्षेच्या कामाला येते, तेव्हा तुमच्या गल्लीतून जाते. तुमचं दार हिरवं आहे. मधे एका वर्षी दाराशी तुझ्या सासूबाई, शांतव्वा, मिरच्या निवडत होत्या. "कोण पायजे?" म्हणाल्या. मी म्हटलं, चुकून आले.

मोटार आता तुझी आहे. ती तुला चालवता येते, आम्हा दोघांना नाही. आम्ही एसटीने परत जाऊ. एसटी किती वाजता सुटते ते अजून विचारलेलं नाही.

विरूपाक्षरावांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
माई

पद्मजाच्या हवाली:

मोटार एक, जुनी, चालू. चाकं चार आणि मागे बांधलेलं पाचवं; पाचही टायर जुन्या नक्षीचे, विहिरीजवळ तपासून घेतलेले. हँडल एक, मूठ झिजलेली. रुमालात आपट्याची पानं. मागच्या सीटवर वडील. दिसत नाही, ऐकू येतं, पावलं ओळखतात. पुढच्या सीटवर बहीण.

मिळाल्याची सही नंतर केलीस तरी चालेल.