नव्या बाथरूमची लाईन

८ फेब्रुवारी, शनिवार

पुढच्या आठवड्यात अक्षदाताई बाळंतपणाला कळव्याला येणार. आणि मागच्या नव्या बाथरूममध्ये अजून अंधार! बाबा म्हणतात, "किचनच्या बोर्डातून वायर ओढ, झालं." झालं कसं? ताई ओल्या पायांनी आत जाणार. पोटात बाळ.

दिवा आणि पंखा जुन्या लाईनवर चालतील. गीझर नाही — त्याला मीटरपासून वेगळी जाड वायर हवी. बाबा वैतागले. "मग पाणी तूच तापवून दे तिला!" देईन.

९ फेब्रुवारी

मेन बंद केला. टेस्टर लावला. परत लावला. मग अर्थिंगची हिरवी वायर कुठे जाते ते शोधलं. घर बांधताना बाबांनी ती नळाच्या, जमिनीत गेलेल्या लोखंडी पाईपला बांधलेली. आमच्या आळीत सगळ्यांनी तसंच केलंय. पण गेल्या वर्षी पाईप प्लास्टिकचा झाला! भिंतीत लोखंडाचा नुसता तुकडा उरलाय, वायर त्यालाच. म्हणजे घराला अर्थिंगच नाही.

बाबांना दाखवलं. "मग? कोण मेलं का वर्षभरात?"

१० फेब्रुवारी

आईच्या हाताला परत मुंग्या. नसांच्या गोळ्या वर्षभर चालू आहेत, गुण नाही. हल्ली फ्रीजसुद्धा पदराने धरून उघडते. बाबा चिडवतात, "शीला, नवी नवरी झालीस काय गं!"

११ फेब्रुवारी

महिपतकाका आले. वायरमनचं लायसन्स त्यांचं, मी त्यांच्या हाताखाली. मागे जमिनीत रॉड ठोकून नवं अर्थिंग घेतलं. मेनजवळ सेफ्टी स्विच बसवला — करंट भलतीकडे गेला की तो पडतो, लाईन बंद. मग बाथरूमची वायर ओढली. दिव्याचं बटण दाराबाहेर.

काका गेले. मेन चालू केला. खट्! पडला.

१२ फेब्रुवारी

सकाळपासून पडतोय. बाबा — "इतकी वर्षं घर नीट चाललं, तू हात लावलास आणि बिघडलं!" शेजारचा मार्विन — "अरे, काढून टाक ना तो स्विच. डायरेक्ट कर!" बाबा पक्कड घेऊन उठलेच. मी बोर्डासमोर उभा राहिलो. हललो नाही.

बाथरूमची लाईन सोडवून पाहिली. तरी पडला! म्हणजे माझं काम नाही. मग काय?

१३ फेब्रुवारी

काका परत आले. घरातले प्लग एकेक काढत गेले. फ्रीजचा काढला — स्विच पडायचा थांबला. लावला — खट्. "फ्रीजच्या पत्र्यात करंट उतरतोय रे," काका म्हणाले.

आई आपला उजवा हात उलटासुलटा करून बघत होती.

"म्हणजे माझा हात बरा आहे?"