शिकवणीशिवाय व्हायोलिन

५ जानेवारी, सकाळी ६.४०
आजवर स्वतःच्या हातांनी, कोणाकडेही न शिकता केलेल्या वस्तू: स्टूल चार (एक डुगडुगतं, पण ते फरशीमुळे). पुस्तकांचं कपाट एक. चपलांचे जोड दोन. दुर्बीण एक, फक्त चंद्र दिसतो. दुकानात रबरी शिक्के सुमारे अकरा हजार, पैकी हाताने कोरलेले सहा हजार दोनशे. व्हायोलिन एक, चौदा महिने, लायब्ररीतल्या पुस्तकावरून.

आता उरलं फक्त वाजवणं. कारण लिहून ठेवतो. लेक वाद्यवृंदात बासरी वाजवते. २६ एप्रिलला तिचा शेवटचा कार्यक्रम, १ मेला ती नोकरीसाठी परगावी. दुसऱ्या रांगेतला डेंटिस्ट गाव सोडून गेल्याने व्हायोलिनची एक खुर्ची रिकामी आहे. १२ एप्रिलला चाचणी, कोणीही यावं. ती खुर्ची लेकीच्या बरोबर मागे येते. मागच्या कार्यक्रमानंतर टेप लावून पाहिलं: पाच फूट. एकदा तिच्याबरोबर स्टेजवर बसायचं, बस. तिला सांगायचं नाही. सरप्राइज.

११ जानेवारी
ही म्हणाली, खालच्याच मजल्यावर व्हायोलिनच्या बाई राहतात, रोज त्यांची पाटी वाचत वर येता, एकदा बेल वाजवा की. मी म्हणालो, बाई शिकवतात तेव्हा बाईंच्या चुकाही शिकवतात. ही म्हणाली, आणि स्वतःच्या गोड लागतात, होय ना? मी विषय बदलला. तिच्या हातात सुरी होती.

१९ जानेवारी
साधनं ठरली. पुस्तक एक, सिनेमा एक, निरीक्षण भरपूर. सिनेमात नायक चार मिनिटं कॅमेऱ्याकडे तोंड करून व्हायोलिन वाजवतो. एकसष्ट वेळा थांबवून बोटांच्या नोंदी घेतल्या. पद्धत माझीच: समोर दिसतं तसं करायचं. त्याचा गज पडद्यावर डावीकडे, म्हणून माझा गज डाव्या हातात. आरशासमोर माणूस भांग पाडायला शिकतो तो असाच.

ही मागे उभी होती. म्हणाली, अहो, काहीतरी उलटं दिसतंय. सत्तावीस वर्षं रबरावर उलटी अक्षरं कोरणाऱ्या माणसाला उलटं-सुलटं शिकवते!

२ फेब्रुवारी
पुस्तकात घोडचूक सापडली. सिनेमात बारीक तार गजाच्या हाताकडे असते. पुस्तकाप्रमाणे केलेल्या माझ्या व्हायोलिनमध्ये त्या हाताकडे जाड तार. छापील आहे म्हणून लोक डोळे मिटून मानतात. मी वरची फळी उकलली, आतली पट्टी दुसऱ्या अंगाला नेली, आतली दांडी हलवली, तारांखालची घोडी नव्याने कापली, तारा उलट क्रमाने लावल्या. नऊ दिवस. सांधा नखाला लागत नाही. प्रकाशकाला आकृतीसह पत्र टाकलं.

१६ फेब्रुवारी
रियाज सुरू, माळ्यावरच्या खोलीत. शेजारचे रिटायर्ड कंपाउंडर विचारायला आले, पाण्याचा पंप जळतोय का. संगीत आहे म्हणून सांगितलं. म्हणाले, असं होय, मग तेल परत नेतो.

९ मार्च
खात्री करायला वाद्यवृंदाची प्रॅक्टिस बघून आलो. पहिल्या रांगेत, अगदी समोर बसलो. अकराच्या अकरा व्हायोलिनवाले माझ्यासारखेच धरतात. हिला सांगितलं. ही म्हणाली, बरं.

२१ मार्च
प्रकाशकाचं उत्तर. पत्राबद्दल आभारी आहोत, एवढंच. म्हणजे मान्य.

३० मार्च
लेक माळ्याच्या दाराशी आली. आत काय चाललंय म्हणाली. शेल्फ करतोय म्हणालो. ती म्हणाली, बाबा, तुमचं शेल्फ रडतंय. मग म्हणाली, महिनाभरच आहे मी आता घरात, चहाला तरी खाली येत जा. बारा तारखेनंतर येईन म्हणालो.
संकल्प: दोनाऐवजी तीन तास रियाज.

१२ एप्रिल, दुपारी ४
चाचणी झाली. घडलं तसं लिहितो.

मला बघून लेकीचा आ वासला. वृंदाच्या मास्तरांनी विचारलं, डावखुरे का तुम्ही? नाही म्हणालो. त्यांनी नाक खाजवलं आणि बसा म्हणाले. तिसऱ्या ओळीला माझा गज आणि शेजारच्या बाईंचा गज एकमेकांत अडकले. बाईंचा चष्मा उडाला. मी म्हणालो, बाईंची बाजू चुकली. मग डोळे फिरवून रांग पाहिली. समोरून नव्हे, पहिल्यांदाच रांगेत बसून. अकरा गज एकीकडे, माझा एकटा दुसरीकडे.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मास्तर म्हणाले, काका, सूर बरेच खरे आहेत हो, पण रांगेत असं नाही बसवता येणार. त्यांनी व्हायोलिन हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. कोणी बनवलं, विचारलं. त्यांची एक विद्यार्थिनी डावखुरी आहे, तिला असं मिळत नाही, चाळीस हजार देतो म्हणाले. मी म्हणालो, हे डावखुरं व्हायोलिन नाही. ते म्हणाले, मग काय आहे? त्यावर मी निघून आलो.

१३ एप्रिल
चूक सिनेमाची. कॅमेरा वादकाच्या मागे ठेवायला हवा होता.
चहाला खाली गेलो नाही. दुकानात काम होतं. (नव्हतं.)

२६ एप्रिल
कार्यक्रम झाला. पाचवी रांग, कडेची खुर्ची. डेंटिस्टची जागा मोकळीच ठेवली होती. लेक फार छान वाजवते. हे मला आधी माहीत नव्हतं, कारण आजवर मी तिच्या मागचे व्हायोलिनवाले बघत होतो.

२ मे, सकाळी ६.४०
लेक काल गेली. घर नीट आवरलेलं आहे.

बारा तारखेच्या नोंदीत एक गोष्ट लिहायची राहिली. नोंद अपुरी राहू नये म्हणून लिहितो. हॉलमधून निघालो तेव्हा लेक मागे धावत आली. म्हणाली, बाबा, तुम्ही समोरून शिकलात, आता माझ्या शेजारी बसून शिका. खालच्या बाईंकडून एक साधं व्हायोलिन मागून आणते, बासरीवाली असले तरी मला जेवढं येतं तेवढं दाखवते. कार्यक्रमाला नाही जमलं तर नाही जमलं. आजपासून रोज संध्याकाळी एक तास, पंचवीस तारखेपर्यंत.

मी म्हणालो, मला शिकवणीची सवय नाही.

रोज एक, चौदा दिवस. एकूण चौदा तास.