सहाव्या दिवसाची त्रुटी

३ जून, मंगळवार
लावलाच शेवटी तो टीव्हीसारखा पडदा! हॉलमध्ये, आल्यागेल्याला दिसेल असा. प्रत्येक कारकुनाचं नाव, पुढे अडलेल्या अर्जांचा आकडा. सात दिवस उलटले की नाव लाल. "आता जबाबदारी दिसेल," साहेब म्हणाले. मी बदल्यांच्या टेबलावर — माझ्याकडे एकोणचाळीस! डबा न उघडता तारखा मोजत बसले.

५ जून
शेजारच्या टेबलावरचा पोपट — सगळे त्याला तेच म्हणतात — युक्ती सांगत होता. "सहाव्या दिवशी एक त्रुटी काढायची, अर्ज परत. पुन्हा आला की नवा नंबर, नवे सात दिवस. सापही मेला, काठीही मोडली नाही." साप कोण, हे मी विचारलं नाही.

९ जून
एकवीस अर्ज परत पाठवले. त्यात एका नर्सचा. नवरा गावी डायलिसिसवर, तिथल्या रुग्णालयात एकच जागा रिकामी. अर्ज चोख. किती वेळ उलटसुलट करून पाहिला! शेवटी लिहिलं — "फोटो अस्पष्ट." फोटोत तिच्या भुवयांचे केस मोजता येत होते.

१६ जून
नर्सचा अर्ज पुन्हा. "पत्त्याचा पुरावा जुना." एका मिनिटात सुचलं.

२० जून
माझं नाव सगळ्यात वर. सात दिवसांवरचे अर्ज शून्य! एक तारखेला सत्कार म्हणे. घरी सांगितलं तर हे म्हणतात, "शून्यासाठी सत्कार? मग माझाही करा की!" मीही हसले. पण नंतर कशातच मन लागलं नाही.

२६ जून
ती नर्स आली होती. जागा दुसऱ्याला चाललीय. त्याचा अर्ज अकरा तारखेचा, हिचा तिसऱ्या वेळचा नंबर सतराचा. आणि खरा पहिला तीनचा! भांडली असती तर बरं झालं असतं. उलट हात जोडून म्हणाली, "मॅडम, तुम्ही दर वेळी चूक दाखवलीत तरी. नाहीतर इथे कोण सांगतं?"
लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
आदेश एक तारखेला निघणार. चूक कार्यालयाची असेल तर पहिली तारीख धरता येते — नियम मला पाठ आहे. पण तसं कुणीतरी लिहून द्यायला हवं. कुणीतरी म्हणजे कोण!

२८ जून
यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "तुला कोण विचारणार आहे?"
तेच तर! कुणीच नाही.

३० जून, सोमवार
लिहून दिलं. "अर्जात त्रुटी नव्हती. दोन्ही वेळा मी काढली. पहिली तारीख धरावी." खाली सही, पूर्ण नाव. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, कागद माझ्याकडे सरकवला. "उद्या सत्कार आहे तुमचा, बाई. काहीतरी त्रुटी दाखवा नि परत घ्या."
म्हटलं, "तीनदा तपासलाय, साहेब. एकही नाही."