माळावरचा लुडो

प्रिय शालन,

आज आपला रवी पुण्याहून आला नि टीव्हीला जोडायच्या खेळाचा तो डबा परत घेऊन गेला. जाताना म्हणाला, "आण्णा, एवढा महागाचा गेम मी आणला, आईनं हात का नाही लावला?" ह्याचं उत्तर एका वाक्यात मावायचं नाही. म्हणून तुलाच लिहायला बसलो.

एकदा लावला होतास की हात! पाच मिनिटांत उठलीस. "ह्याच्यापुढं बसूनच ऱ्हायाचं व्हय? मग शेळ्या कोण राखणार, तुमी?" आणि तेवढ्यात लाईट गेली!

फोन मात्र कायम कमरेला. शेळ्या माळावर चरायला लागल्या की तू आंब्याखाली बसायचीस. रेंज तिथंच. तिकडं हिर्डोशीत तुझी धाकटी बहीण कमल वाट बघत असायची. आपल्या पासलीहून तिच्याकडं जायचं तर एसटीच्या नादात अख्खा दिवस जातो, त्यात तुझे गुडघे. वर्षात एकदा भेट. पण फोनवरच्या लुडोत रोज भांडण! "कमळे, माझी सोंगटी मारलीस? थांब आता!" खाली भाताच्या खाचरात मला ऐकू यायचं.

"या वयात हे काय खूळ," असं मी बोललो होतो. शालन, नको होतं बोलायला.

मग तू आजारी पडलीस, भोरचा दवाखाना. उशीखालून फोन काढून म्हणालीस, "अवो, एक डाव खेळा की. कमळ भातलावणीला गेलीया."

मी चष्मा लावला. कुठं बोट दाबायचं ते तू दाखवलंस. आठ दिवस खेळलो. उभ्या संसारात इतका वेळ शेजारी कधी बसलो होतो गं आपण? आणि किती रडीचा डाव तुझा! माझ्या पाळीचा फासाही तूच दाबायचीस. नर्सबाई हसायच्या.

नवव्या दिवशी सकाळी जिंकलीस, दुपारी गेलीस. चेहऱ्यावर जिंकल्याचं समाधान होतं. ते आठवलं की मला बरंच वाटतं.

परवा शेळ्यांमागं असताना कमलचा फोन आला. आधी तिनं शेळ्यांची चौकशी केली. मग हळूच म्हणाली, "दाजी, मांडू का डाव?"

"मांड," म्हटलं. हरलो, पण लई दिवसांनी पोटभर हसलो.

तुला शब्द देतो, भातं काढून झाली की हिर्डोशीला जातो. कमलच्या ओट्यावर बसून, एकाच फोनवर, समोरासमोर खेळतो.

तुझाच,
दत्तू